बाहेरच्या खुर्चीतली पंचेचाळीस मिनिटं

पत्र असं आहे. (ओळख पटू नये म्हणून चार तपशील इकडचे तिकडे केलेत.)

बेळगावात अनगोळकडं राहणारी एक आई. मुलगी पंधरा वर्षांची, दहावीला, इंग्लिश मीडियम. दिवाळीनंतर मुलगी गप्प झाली, कबड्डी सोडली, मैत्रिणींकडं जाणं बंद, शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं आणि रविवारी दुखत नाही, मार्क निम्म्यावर आले. एका टीचरनी सुचवलं म्हणून कॅम्पातल्या काउन्सेलर मॅडमकडं न्यायला लागले, दर शनिवारी, एका वेळचे सातशे. पाच सेशन झाले. आई बाहेर खुर्चीत बसते, आत दार बंद. मुलगी कधी डोळे लाल करून बाहेर येते, येताना गाडीवर "काय विचारल्या मॅडम?" म्हटलं की "काय नाही" एवढंच. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, आमचं बोलणं आमच्यात राहू दे. नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत आहे, त्याचं म्हणणं नुसतं बोलायला सातशे कशाला, दोन महिन्यांवर परीक्षा आलीय, दहावी होऊ दे मग बघू. सासूबाई म्हणतात नजर लागलीय, सौंदत्तीला जाऊन येऊ. त्यात मॅडम कन्नड, मराठी मोडकं बोलतात, त्यांना आपल्या घरातलं काय कळणार ही पण शंका. शेवटी न राहवून आईनं मुलीची वही वाचली. एका पानावर "आईला सांगून उपयोग नाही" आणि पुढं एका पानावर "कुठंतरी निघून जावं, परत येऊच नये." त्या दिवसापासून आईची झोप गेली. विचारतात, "बाई, मी आई आहे, मॅडमनी मला सगळं सांगायला नको का? आणि हे सगळं बंद करू का?"

नमस्कार.

तुमचा प्रश्न मॅडमचा आहे, पण मी आधी वहीतल्या त्या दुसऱ्या ओळीवर येते, कारण बाकी सगळं दोन दिवस थांबू शकतं आणि हे थांबू शकत नाही. "निघून जावं, परत येऊच नये" ह्याचा अर्थ घरातून पळून जावं असा असेल, नुसता वैताग असेल, किंवा जीव नको झालाय असाही असेल. पंधरा वर्षांच्या मुली वहीत पुष्कळ काय काय लिहितात, मीही लिहिलेलं आहे, पण अंदाज बांधत बसण्याची ही गोष्ट नाही. आजच मॅडमना फोन करा आणि ही ओळ जशीच्या तशी सांगा. तुम्हाला वाटतंय ते दार दोन्ही बाजूंनी बंद आहे, तसं नाही हो, आतलं बाहेर येत नसेल पण बाहेरचं आत द्यायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही. मॅडमना ते कळायलाच पाहिजे.

आणि मुलीला सरळ विचारा. आडून नको, "तसलं काही मनात आणू नकोस हं" असलं तर अजिबात नको, त्यात उत्तर आपणच देऊन टाकतो. "तुला कधी जगायला नको असं वाटतं काय?" एवढं साधं. पुष्कळ आयांना भीती असते की विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल. ते खरं नाही, जगभरच्या डॉक्टरांचं ह्यावर एकमत आहे की विचारल्यानं असा विचार पेरला जात नाही, उलट बहुतेक मुलांना हुश्श वाटतं की कुणीतरी विचारलं. ती "हो" म्हणाली तर रडू नका, ओरडू नका, शपथा घालू नका. "कधीपासून?" विचारा, "कसं करायचं हेही मनात येतं काय?" विचारा, आणि ऐका. कसं करायचं ते ठरवलंय असं निघालं तर त्या रात्री तिला एकटीला सोडायचं नाही, आणि सकाळची वाट न बघता दवाखान्यात. तोपर्यंत घरात एक काम गपचूप करा, सासू-सासऱ्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या कुलपात घाला, आणि गावाकडं शेत असेल तर फवारणीचं औषध घरातून बाहेर काढा. आपल्या भागात ऊस आणि भाजीपाल्याच्या घरांत ते औषध माळ्यावर नाहीतर न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवलेलं असतं, मी बघितलंय. असल्या गोष्टी पुष्कळदा एका झटक्यात होतात, हाताशी काही नसलं की तो झटका निघून जातो.

रात्री-बेरात्री काही सुचेना झालं तर 14416 वर फोन लावा. टेली-मानस म्हणतात त्याला, केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेलं आहे, चोवीस तास, फुकट. भाषा निवडता येते, कन्नडही आहे आणि मराठीही आहे. मुलीलाही हा नंबर देऊन ठेवा, कागदावर लिहून भिंतीला चिकटवलात तरी चालेल.

आता वहीचं. वाचलात ते चूक की बरोबर ह्यावर मी तुम्हाला न्यायालयात उभं करणार नाही, भ्यालेली आई वही उघडते, मीही माझ्या लेकाचा कप्पा एकदा उघडला होता आणि त्यात बिडीचं पाकीट सोडून काही मिळालं नव्हतं. पण बघा काय झालंय, तुम्हाला एक गोष्ट कळली आणि ती तुम्ही वापरू शकत नाही, कारण कुठून कळली ते सांगता येत नाही. म्हणून तुम्ही दिवसभर तिच्या मागं मागं आणि तिला कळेना की आईला झालंय काय. हे फार दिवस लपत पण नाही. तेव्हा सांगून टाका. लांबण लावू नका, आपल्या घरात बोलतो तसंच, "मी तुझी वही वाचलो. विचारून वाचायला पाहिजे होतं, विचारलो नाही, चुकलं माझं. परत वाचत नाही. पण एक ओळ वाचल्यापासून मला झोप नाही, ती तू काय म्हणून लिहिलीस सांगशील?" आणि मग मी वर जे सरळ विचारायचं म्हटलं ते विचारा. ती भडकेल. दार आपटेल. आपटू दे. दोन दिवस बोलणार नाही कदाचित, तरीपण आईनं चूक कबूल केली हे तिच्या डोक्यात राहतं, आपल्याकडं आईबापांनी मुलांना सॉरी म्हणायची पद्धतच नाही त्यामुळं तर जास्तच राहतं. एक मात्र, "वाचलो म्हणून बरं झालं" हे वाक्य जोडू नका. खरं असलं तरी.

"आईला सांगून उपयोग नाही" ही ओळ तुम्हाला जास्त लागलेली दिसतेय, पत्रात तुम्ही ती दोनदा लिहिलीय. मला त्या ओळीत तुमच्यावर राग नाही दिसत. शाळेत मुलांशी बोलायचं काम मी पुष्कळ वर्षं केलंय आणि हे वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकलंय. त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की आईला सांगितलं तर आई लगेच काहीतरी करायला लागते. शाळेत जाते, त्या मुलीच्या आईला फोन करते, स्वतः रडते, उपवास धरते. एक मुलगी मला म्हणाली होती, "मला बरं वाटत नाही म्हटलं की आई क्रोसिन देते." चांगली आई होती हो ती. पण घरात ह्या दुखण्याला नावच नव्हतं, ताप, सर्दी, पोट, डोकं, ह्या पलीकडं काही दुखतं ह्याला शब्दच नव्हता, मग पोट दुखायचं. तुमच्या लेकीचं पोट सोमवारी दुखतं आणि रविवारी दुखत नाही ते नाटक नाही. मनावर ताण आला की पोट खरंच दुखतं. तरी एकदा फॅमिली डॉक्टरांना दाखवून रक्त, हिमोग्लोबिन, थायरॉइड बघून घ्या, ह्या वयातल्या पुष्कळ मुली रक्त कमी असल्यानं पण गळून गेलेल्या असतात.

तर तुमचा मूळ प्रश्न, मॅडमनी सगळं सांगायला पाहिजे की नको.

तुम्ही धरून चाललाय की मला सगळं कळलं तर मी मदत करू शकेन. मला हे तपासून बघावंसं वाटतं. समजा पुढच्या शनिवारी मॅडमनी तुम्हाला सगळं सांगितलं, की ती अमक्या मुलीबद्दल बोलली, बाबांबद्दल हे म्हणाली, तुमच्याबद्दल ते. तुम्ही घरी आल्यावर काय कराल? गप्प राहाल? मी तर राहिले नसते. आणि तुमच्या तोंडून एक शब्द जरी निसटला की मुलीला कळणार, मॅडम सांगतात. मग ती त्या खोलीत पण "काय नाही" म्हणायला लागेल, आणि तेव्हा मात्र सातशे रुपये खरंच पाण्यात. ह्या कामात औषध म्हणून जे आहे ना ते तेच बंद दार आहे.

पण सगळंच गुपित नसतं. कुठलाही नीट काउन्सेलर मुलाला पहिल्याच दिवशी सांगतो की तीन गोष्टी मी तुझ्या आईबाबांपासून लपवणार नाही, तू स्वतःला इजा करणार असशील तर, दुसऱ्या कुणाला करणार असशील तर, आणि तुला कुणी त्रास देत असेल, हात लावत असेल तर. ह्यातली तिसरी गोष्ट तर कायद्यातच आहे, 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणं मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवावंच लागतं, काउन्सेलरला पण. म्हणजे आतलं काहीही झालं तरी तुम्हाला कळणारच नाही असं नाही. आणि पालक म्हणून काही गोष्टी विचारायचा तुमचा पूर्ण हक्क आहे: तिला नेमकं काय झालंय असं तुम्हाला वाटतं, किती सेशन लागतील, कुठल्या पद्धतीनं काम चाललंय, मनोविकार डॉक्टरांना दाखवायची गरज आहे काय, घरात आम्ही काय बदलू. हे सगळं विचारा. दहा मिनिटं आईबाबांसाठी मागून घ्या, मुलीला आधी सांगून, "आम्ही मॅडमना भेटणार आहे, तुझं काही विचारणार नाही, आमचं काय चुकतंय ते विचारणार आहे." ती पाठीमागं बसून ऐकणार असेल तर ऐकू दे. मॅडमनी ही दहा मिनिटं द्यायला पण नकार दिला तर मात्र मलाही आवडणार नाही, वयात आलेल्या मुलांवर काम करताना आईबापांना पूर्ण बाहेर ठेवून भागत नाही.

डोळे लाल करून येते म्हणजे वाईट चाललंय असं नाही. जे इतके दिवस घरात रडली नाही ते तिथं रडते, इतकंच. पाच सेशन म्हणजे फार पण नाहीत, पहिली दोन-तीन तर ओळख करून घेण्यातच जातात. मॅडमनी सीबीटी म्हटलं असेल तर घाबरू नका, आपल्या बेळगावात सीबीटी म्हणजे सिटी बस स्टँड पण ही सीबीटी वेगळी, डोक्यात येणारे विचार पकडून तपासून बघायला शिकवतात, घरी थोडा अभ्यास पण देतात, आणि त्याला साधारण बारा-पंधरा सेशन लागतात. आठ-दहा सेशननंतर झोप, जेवण, शाळेला जाणं ह्यात काहीच फरक नसेल तर माणूस बदलायचा विचार करा. मधे शिक्षण पण विचारून घ्या, त्यात उर्मटपणा नाही, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयचा, म्हणजे सरकारी पुनर्वसन परिषदेचा, नोंदणी नंबर असतो, काउन्सेलर असेल तर मानसशास्त्रात एमए-एमएस्सी आणि नंतरचं ट्रेनिंग कुठलं ते विचारा. चार दिवसांचा ऑनलाइन कोर्स करून बोर्ड लावलेले पण पुष्कळ झालेत. "तीन सेशनमध्ये गॅरंटी" म्हणणारा दिसला तर चप्पल घालून बाहेर या.

कन्नड मॅडमचं. तुम्ही हे पत्रात जरा दबकत लिहिलंय, पण सीमाभागात हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात असतो, उगाच लपवू नका. भाषेनं फरक पडतो, पडतोच. आईवर राग आला ते सांगायला परक्या भाषेत शब्द मिळत नाहीत. पण उलटं पण होतं आणि ते मी डोळ्यानं बघितलंय, काही मुलं अवघड गोष्ट मुद्दाम दुसऱ्या भाषेत सांगतात कारण त्या भाषेत आज्जी नसते, बाबांचा आवाज नसतो, लाज जरा कमी वाटते. तुमची लेक मैत्रिणींशी निम्मं कन्नड, निम्मं इंग्लिश, मधेच मराठी असंच बोलत असणार, वही पण तशीच लिहिली असेल. आणि शुद्ध मराठी मिळालं म्हणून भागतंच असं नाही, माझ्या ओळखीतल्या एका मुलीनं फोनवरून पुण्याच्या काउन्सेलरशी बोलायला सुरुवात केली, ही आपल्यासारखी "मी गेलो, मी आलो" म्हणणार, त्या बाई पहिलं अर्ध सेशन गोंधळलेल्या की मुलगा आहे की मुलगी. पोरीनं परत फोनच घेतला नाही. तेव्हा भाषेचं मत तुमचं नको, लेकीचं घ्या. "मॅडमशी बोलताना अडखळतंय काय? मराठी बोलणारं कुणी शोधू काय?" ती नको म्हणाली तर विषय बंद.

आता तुमच्या यजमानांसाठी दोन ओळी, त्यांना वाचून दाखवा. दादा, फाउंड्रीत तुम्ही रस ओतल्यावर साचा लगेच फोडता काय? वर वरून गार दिसतं, आत लाल असतं, घाई केली की कास्टिंग भंगारात. "दहावी होऊ दे मग बघू" हे मला उलटं वाटतं, पोरगी रात्री झोपत नसेल आणि पुस्तकातलं पान डोक्यात राहत नसेल तर दहावीसाठीच उपचार आत्ता पाहिजेत. आणि आपल्या कर्नाटकात 2024 पासून एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, एका वर्षात एकापेक्षा जास्त परीक्षा घेतात, पहिली घसरली तर दुसरी आहे, त्यातले चांगले मार्क धरतात, वर्ष वाया जात नाही. हे तिला तुम्ही सांगा, आईनं नको. बापानं सांगितलेलं वेगळं लागतं.

पैशांचा प्रश्न खरा आहे, महिन्याला अठ्ठावीसशे ही थोडी रक्कम नाही. दर शनिवारऐवजी पंधरा दिवसांनी चालेल काय ते मॅडमना विचारा, पण वहीतल्या ओळीचा निकाल लागल्यावर, आत्ता नको. सरकारी सोय पण आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. खानापूर, चिक्कोडी, हुक्केरीकडच्या वाचकांनी तालुका दवाखान्यात मनोविकार डॉक्टर कुठल्या दिवशी येतात ते फोन करून विचारावं, पुष्कळ ठिकाणी मंगळवार ठरलेला आहे. जिल्ह्या-जिल्ह्यात मनाचे उपचार न्यायचा जो सरकारी कार्यक्रम 1996 मध्ये देशभर सुरू झाला त्याचा पहिला प्रयोग आपल्याच राज्यात बळ्ळारीला झाला होता, हे कितीजणांना माहीत असतं. आणि धारवाडला डिमहान्स आहे, मनाच्या आजारांची सरकारी संस्था. तिचं नाव काढलं की आपल्याकडं तोंड वाकडं होतं, लहानपणी आम्ही पण "ह्याला धारवाडला न्यायला पाहिजे" म्हणून चेष्टा करायचो, त्या चेष्टेमुळं किती लोक वेळेत गेले नाहीत देव जाणे. तिथं ओपीडीत दाखवून संध्याकाळी घरी येता येतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर घाबरू नका आणि मनानं बंद पण करू नका, नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायलाच दोन ते चार आठवडे जातात, सुरुवातीच्या दिवसांत मुलांवर जास्त लक्ष ठेवायचं असतं एवढं ध्यानात ठेवा.

सासूबाईंशी भांडू नका. सौंदत्तीला जायचं असेल तर एका रविवारी सगळे जाऊन या, यल्लम्माच्या डोंगरावर वारं छान असतं. अट एकच, शनिवार चुकवायचा नाही, आणि कुणी तिला धरून बसवणार, धूर देणार, घाबरवणार असेल तर तिथं न्यायचं नाही. ह्यात तडजोड नाही. "लोक काय म्हणतील, पुढं लग्नाला अडचण" हे पण घरात कुणीतरी बोललं असणारच, पत्रात नाही लिहिलंत तरी. बेंगळुरूच्या निमहान्स ह्या मनोविकार संस्थेनं 2015-16 मध्ये देशाचं जे मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं त्यात 13 ते 17 वयाच्या मुलांत मनाचा आजार असण्याचं प्रमाण साधारण 7.3 टक्के निघालं. चाळीस मुलांचा वर्ग धरा, तीन मुलं झाली. तुमच्या लेकीच्या वर्गात ती एकटी नाही, बाकीच्या दोघांना कुणी कॅम्पात घेऊन जात नाही इतकाच फरक.

राहिलं ते शनिवारचं येणं. तुम्ही लिहिलंय की टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला गाडी थांबते आणि तुम्ही तिथंच विचारता, कारण तिला कुठं पळता येत नाही. तेच बंद करा. गाडीवर तोंडं समोरासमोर नसतात, म्हणून मुलं गाडीवर बोलतात, पण विचारलं की नाही बोलत. पुढच्या शनिवारी गेट पडलेलं असलं तर इंजिन बंद करा आणि गप्प बसा. मालगाडी असली तर डबे मोजा. घरी जाऊन भात लावायचाय, उशीर होतोय, हे पण बोलू नका. ती काही बोलली नाही तरी त्याचा अर्थ लावू नका, आणि बोललीच तर मान मागं वळवू नका, "हं" म्हणा, गेट उघडून मागचे हॉर्न मारायला लागले तरी गाडी बाजूला घेऊन उभ्या राहा.

पण त्याच्या आधी मॅडमना फोन. आजच.